विहिरीवरचं इंजिन

रत्नागिरी, ता. १२ जानेवारी १९५६

चि. रावजीस काशीताईचे अ. आ. वि. वि.

तू पाठवलेलं इंजिन विहिरीवर बसलं. टाकी भरते, पोफळींना पाणी जातं आणि रहाट ओढून माझ्या हातांना पडलेले घट्टे नरम पडले. नवरा गेल्यावर माहेरी आले, तेव्हापासून एवढा आराम मला कुणी दिला नव्हता.

पण त्याचा आवाज आबांना फार लागतो. विहीर त्यांच्या पडवीला लागून, आणि इंजिन ठोकलंय थेट कातळावर. सगळी पडवी थरथरते. डोळे गेल्यापासून त्यांचं सगळं कानांवर चाललंय. सकाळी मचवे खाडीत शिरले की खलाशांच्या हाकांवरून कोण आलं ते सांगायचे. वाटेवरच्या बायका थांबून दोन शब्द बोलायच्या. आता त्या नुसता हात हलवून जातात, आणि आबांना हात कुठे दिसतो? काल तर गोंधळून चौकटीवर कपाळ आपटलं. तू वर्कशॉपातला माणूस. आवाज कमी करायची काही युक्ती असली तर कळव. खानावळीचं जेवण सोसत नसेल तर तसंही लिही, लपवू नकोस. माया आहेच, ती तिकडूनही राहू दे.

तुझी काशीताई

मुंबई, ता. २ फेब्रुवारी १९५६

ती. काशीताईस रावजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि खरं सांगायचं तर राग आला. वर्षभर जादा पाळ्या करून इंजिन घेतलं. वाटलं होतं, घरात आनंद होईल. आली ती तक्रार. इंजिन म्हटलं की आवाज होणारच. आम्ही इथे त्याहून मोठ्या आवाजात दिवसभर उभे असतो, आमची कोण चौकशी करतं? आबांना दिवसभर काम तरी काय आहे? डोळ्यांनी दिसत नाही, तसं दोन तास कानांनी ऐकू आलं नाही, तर काय बिघडलं? तेवढा वेळ त्यांना मागच्या खोलीत बसवत जा. तू रहाट ओढतेस ते बघवेना म्हणून मी हे इंजिन घेतलं, एवढं ध्यानात ठेव.

आबांना माझा नमस्कार सांग. रागावलो तरी तुमचाच आहे.

रावजी

रत्नागिरी, ता. १२ फेब्रुवारी १९५६

चि. रावजीस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र नेहमीसारखं आबांना मोठ्याने वाचून दाखवायला बसले. मुंबईचं पत्र आलं की ते टोपी घालून, सरळ होऊन बसतात. वाचता वाचता "डोळ्यांनी दिसत नाही" इथवर आले आणि पुढचं नजरेला पडलं. मी थांबले. ते म्हणाले, "वाच. लिहिलंय त्याने, लपवतेस तू कशाला?"

मी वाचलं. शेवटचा नमस्कारही वाचला.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मालगुंडला सखूआत्याकडे निरोप धाडला आणि तिचा दादू मचवा घेऊन आला. मी पाय धरले, तरी गेले. जाताना एवढंच म्हणाले की इंजिन बंद ठेवू नकोस, पोफळी सुकतील. तब्येत सांभाळ. आणखी लिहवत नाही.

काशीताई

मुंबई, ता. ४ मार्च १९५६

ती. काशीताईस शि. सा. न. वि. वि.

तेवढं वाक्य तू गाळायला हवं होतंस. रागाच्या भरात माणूस काहीही लिहितो, ते जसंच्या तसं वाचायचं असतं का?

असो. सोबत पार्सल धाडलं आहे. मिस्त्रीला सांगून इंजिन कातळावरून सुटं करून घे. खाली रबराचे जाड तुकडे, त्यावर लाकडी ओंडके आणि मग इंजिन. धुराच्या नळीला पार्सलातला सायलेन्सर लावून तिचं तोंड बागेकडे वळव. घराच्या बाजूला चिऱ्याची भिंत घाल, पण ती पडवीला टेकू देऊ नकोस. आवाज निम्म्याहून कमी होईल, मी जबाबदार. मग आबांना घरी घेऊन ये. मे महिन्यात मी येतो आहे, तोवर सगळं सुरळीत कर. रागावली असलीस तरी मला तोडू नकोस.

रावजी

रत्नागिरी, ता. ९ एप्रिल १९५६

चि. रावजीस अ. आ. वि. वि.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. इंजिन चालू असताना पडवीत आता फणसावरची पाखरं ऐकू येतात. तुझ्या हाताला गुण आहे, त्यात खोट नाही.

तेच सांगायला मालगुंडला गेले. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. रबर किती जाड, भिंत किती उंच, तेही विचारलं. म्हणाले, पोर पहिल्यापासून हुशार. मला वाटलं, जमलं. मी त्यांचं गाठोडं बांधायला घेतलं, तर हाताने अडवलं. म्हणाले, "इंजिनाला त्याने रबर लावलं. पण त्याचं ते वाक्य मला तुझ्या आवाजात ऐकू येतं, काशी. त्याला काय लावू?"

मी तिथे दोन दिवस राहिले. मी बोलायला लागले की ते मान वळवून सखूआत्याशी बोलत. जेवायला मी हाक मारली तर उठत नसत, आत्याने मारली की उठत. रावजी, वाक्य तुझं होतं, पण बापाचे कान मी गमावले. मी ते गाळायला हवं होतं, असं तू लिहिलंस. तुला ते लिहायला नको होतं, हे अजून तुझ्या पत्रात कुठे आलेलं नाही.

मे महिन्यात येशील तेव्हा घरी न येता आधी मालगुंडला जा. जे सांगायचं असेल ते आबांसमोर बसून तुझ्या तोंडाने सांग. यापुढे तुझं कुठलंही पत्र मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

काशी