डावे दार

वटार,
४ जुलै २०२४

चि. ऋतिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर मी विषय बदलतो, ही तुझी तक्रार मान्य. कागदावर पळ काढता येत नाही, म्हणून लिहितो.

पडवीत बांधत असलेल्या गाडीचा सांगाडा व इंजिन बसले. पुढे दोन आसने, मागे लहान बाक. दारे अद्याप नाहीत. नव्या तारा ओढण्याऐवजी जुन्या गाडीचे संपूर्ण वायरिंग काढून बसवीत आहे. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली आहे. गोखिवऱ्याचा वायरमन क्लेमेंट मदतीस येतो. चिठ्ठ्या पाहून म्हणाला की काका, ही गाडी हाय का कॉलेजची परीक्षा!

सोनचाफा उदंड फुलला आहे. खुडणारे हात मात्र नाहीत.

तुझा,
बाबा

नागपूर,
१३ जुलै २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. कोणती जुनी गाडी, हे तुम्ही लिहिले नाही. क्लेमेंटदादांना फोन केला. तेही आधी अडखळले, मग खरे सांगितले. ज्या गाडीत आई गेली, ती तुम्ही भंगारात दिल्याचे मला सांगितले होते. मग ती वर्षभर ताडपत्रीखाली कशी?

आईने तुम्हांला चिक्कू म्हटले असते आणि चहा ठेवला असता. मला तसे हसता येत नाही. त्या तारांत तुम्ही काय शोधताहात?

उत्तराची वाट पाहणारी,
ऋतिका

वटार,
२ ऑगस्ट २०२४

चि. ऋतिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. बोळिंजच्या वळणावर दार उघडले जाऊन तुझी आई बाहेर फेकली गेली. त्यापूर्वी दार नीट न लागल्याचा लाल दिवा पेटला होता, हे मी कोणासही सांगितले नाही. आपल्या खाऱ्या हवेत तारा गंजतात, असले दिवे उगाच लागतात. वटारात त्यांकडे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नाही. तार सदोष निघाली, तर माझे चुकले नाही, असे मला म्हणता येईल.

तीन आठवडे तपासले. मिठाचे पाणीही शिंपडले. तार निर्दोष आहे.

पुढचे लिहिताना संकोच वाटतो. दारच नसल्याने त्या तारेचे टोक कापून चिकटपट्टीने बंद केले आहे. तरीही मी चालकाच्या जागी बसून किल्ली फिरवली की दिवा पेटतो. क्लेमेंट बसला की पेटत नाही. भर दुपारी आम्ही अकरा वेळा पाहिले. तो थट्टेने म्हणाला की काकी अजून बसायच्या हायत वाटतं. लगेच जीभ चावून त्याने क्रूसाची खूण केली आणि चहा न घेता गेला.

तुझा,
बाबा

नागपूर,
११ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. मीही एक गोष्ट वर्षभर लपवली. त्या वेळी आई माझ्याशी फोनवर बोलत होती. हसत म्हणाली की दाराचा दिवा लागलाय, दोनदा सांगितलं, तर तुझे बाबा म्हणतात खोटा आहे. मग पायाशी चाफ्याची परडी कलंडली म्हणून पट्टा काढते म्हणाली. पुढे काही ऐकू आले नाही.

बाबा, तारा तपासणे पुरे. तिने सांगितले होते, एवढे एकदा स्वतः लिहा. आणि ती गाडी रस्त्यावर काढू नका.

तुमच्यावर रागावलेली, तरीही तुमचीच,
ऋतिका

वटार,
२९ ऑगस्ट २०२४

चि. ऋतिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तिने सांगितले होते. दोनदा. मी ऐकले नाही.

हे पडवीत उभा राहून मोठ्याने म्हटले, मग कागदावर उतरवले. क्लेमेंटने गेल्या आठवड्यात दारे बसवली होती. डावे घट्ट लावलेले होते. तरी किल्ली फिरवताच दिवा पेटला. या वेळी मी उतरलो, वळसा घालून गेलो, दार उघडले आणि धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने गाडी डावीकडे किंचित दबली. मी दार लावले, ओढून पाहिले. दिवा विझला.

बोळिंजच्या वळणापर्यंत जाऊन सावकाश परत आलो. तुझी एक विनंती मानली नाही, त्याबद्दल क्षमा कर. दिवा पुन्हा लागलेला नाही. गाडी मात्र अजून डावीकडे दबलेलीच आहे.

वर्षश्राद्धास येशील तेव्हा विरारला घ्यायला येईन. तू मागच्या बाकावर बस.

दोघांचे आशीर्वाद.
तुझा,
बाबा