गोदामातली नोकरी सुटली

भिंगार, मंगळवार संध्याकाळ, १९४६

लढाई संपली आणि लष्कराच्या गोदामात कारकून जास्त झाले. आज कमी केलेल्यांची नावं वाचली, त्यात माझंही होतं. पाच वर्षांची नोकरी. पण नाव ऐकलं आणि वाईट वाटायच्या आधी छाती हलकी झाली. असं का व्हावं? घरात बायको आहे, दोन लेकरं आहेत. लाज वाटायला हवी होती.

हिला सांगायची धास्ती होती. उगाच बाजारातून दोन फेऱ्या मारल्या, मग घरी येऊन एका दमात सांगून टाकलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मग बरं झालं की. लहानपनी गुरांचा डाक्तर व्हायचं म्हनत हुता ना? आत्याबाईंनी सांगितलंय मला."

आईनं सांगितलं! दहा वर्षांचा असताना घोडेगावच्या बाजारात पाय मोडलेल्या वासराला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या, तेव्हा बोललो होतो. मला वाटत होतं, विसरलो. म्हणून छाती हलकी झाली का?

म्हटलं, "या वयात डॉक्टर कुठला होतोय? फार तर पट्ट्या बांधीन."

"बांधा की. वासराला काय, पट्टी बांधनाराच डाक्तर."

किती दिवसांनी मोठ्यानं हसलो. ठरलं. उद्या सकाळीच नगरला गुरांच्या दवाखान्यात जायचं आणि म्हणायचं, मला हाताखाली घ्या. नाही म्हणाले तर परवा पुन्हा जाईन. पाच वर्षांत उद्याची अशी वाट कधी पाहिली नव्हती.