दांडीचं वजन

उस्ताद, आज लातूरच्या दुकानात हुरड्याची दुसरी गाडी तयार झाली. दोन चाकांची, जीपमागं ओढायची, वर लोखंडी आगटी अन् कडेला कणसांचा खोका. लोक आता हुरड्याला शेतात जात नाहीत, आगटीच त्यांच्या दारात न्यावी लागते. तुम्ही लई हसला असता. पण त्याआधी वाकून जीपला जोडायची दांडी उचलली असती. मुदखेडच्या तुमच्या दुकानातून एकही ट्रॉली अशी हातानं तोलल्याबिगर बाहेर पडली नाही. "मागं जड झाली की गाडी वढणाऱ्यालाच वढती," म्हणायचात.

पहिली गाडी केली तेव्हा माझं दुकान नवं होतं. गिऱ्हाइकाला मागं उभं राहून भाजायचं होतं, म्हणून मी आगटी पार मागं नेली, आतून विटाही लावल्या. दुखरा गुडघा घेऊन तुम्ही मुद्दाम बघायला आलात. त्या वेळी दुकानात आपण दोघंच. एका हातानं दांडी उचललीत अन् म्हणालात, "लई हलकी हाय. आगटी चाकाच्या म्होरं घे, मग रंग दे."

रंग तर देऊन झाला होता! माझं डोकं फिरलं. "उस्ताद, तुमच्या ट्रॉल्यांचा जमाना गेला. तुम्ही आपला चहा घ्या." तुम्ही घेतलात. बशीत ओतून, सावकाश, वर न बघता. मला जिंकल्यासारखं वाटलं, थू माझ्या जिंदगीवर.

आठ दिवसांत जळकोटजवळच्या उतारावर गाडी झोले खाऊ लागली अन् जीपला घेऊन नाल्यात गेली. गिऱ्हाइकाचा हात मोडला. तो दुकानात येऊन ओरडायला लागला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या उस्तादांनी दांडी उचलून पास केली होती." तो प्लास्टरचा हात घेऊन थेट मुदखेडला आला. तुम्ही त्याला म्हणालात, "हाव, माझीच नजर चुकली."

मग तुमच्याकडं ट्रॉली टाकायला कुणी येईना. शटर ओढलंत ते कायमचंच. त्यानंतर एकदाच भेटलो आपण, स्टेशनवर. मला वाटलं, आता कान धरतील, चार शिव्या घालतील. तुम्ही एवढंच विचारलंत, "आता आगटी म्होरं घेतोस ना रे?"

घेतो, उस्ताद. आज दांडी उचलायला दोन्ही हात लागले.

मागच्या महिन्यात काकूंना भेटलो. तुमचा हार घातलेला फोटो पुसता पुसता त्या म्हणाल्या, "यांची नजर कधी चुकली न्हाई. त्या दिशीच कशी रं चुकली?" सगळं ओठावर आलं होतं. मी म्हणलं, "वय झालं होतं, काकू."

हे कागद तुम्हाला लिहून राहिलो, कारण तुम्ही वाचणार नाही. काकूंना वाचता येतं. मुदखेड काही लांब नाही.