दोन खराटे

१२ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? लेकाकडे निवांत आराम कर, इथली काळजी सोड. तुझ्या मागच्या अंगणाचा मी कालच कायापालट केला. तुझ्या जांभळ्या रानफुलांनी वाळून नुसता काड्यांचा बाजार मांडला होता. उभा जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात काढलेला, मला ते बघवेना. सगळं जमिनीलगत कापलं. पण वाया काही घालवलं नाही हो! काड्यांचे दोन झकास खराटे बांधले. एक आपल्या घरी, एक शेजारच्या सुताराला. आता तरी कौतुकाचे दोन शब्द लिही.

तुझी,
धाकटी

१८ जानेवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र वाचून गुडघा विसरून उभीच राहिले. अगं, फुलांचं एक वेळ जाऊ दे. ती वर्षानुवर्षं जगणारी, मुळं शाबूत असली की पुन्हा फुटतील. पण त्या काड्या पोकळ असतात. रानमाश्या, म्हणजे मधमाश्यांच्याच एकेकट्या राहणाऱ्या बहिणी, आत अंडी घालून तोंड मातीने लिंपतात आणि पिल्लं उन्हाळ्यापर्यंत आत झोपतात. चार वर्षं वाट पाहिल्यावर यंदा कुठे त्या वस्तीला आल्या होत्या. त्यांच्या पाळण्यांनी तू अंगण झाडते आहेस!

दोन्ही खराटे मागच्या छपराखाली आडवे टांग. सुताराचाही परत आण. मी फार रागावले आहे. वेळेवर जेवतेस ना?

ताई

९ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला तोंडच नव्हतं. दिलेली वस्तू परत मागणारी पहिलीच बाई पाहिली, असं सुतार म्हणाला. त्याचा खराटा निम्मा झिजला होता. दोन्ही टांगले आणि रोज बघत बसले.

आज सकाळी एका काडीची माती गळाली. आतून एक इवलीशी माशी डोकावली, तोंड पुसलं आणि उडाली. ताई, मी चक्क रडले. दुपारपर्यंत अकरा झाल्या! नऊ आपल्या खराट्यातून, दोन सुताराच्या. तो रंधा टाकून बघायला आला आणि दोनच म्हणून हिरमुसला. कापलेल्या बुंध्यांना वीतभर कोंब आलेत, एकाला कळीही धरली आहे.

मागच्या अंगणात पाला, काड्या सगळं जिथल्या तिथे पडलं आहे. मी हात लावलेला नाही. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. तू लवकर ये, तुझ्यासाठी पसारा राखून ठेवला आहे.

रागावलीस तरी लोभ सोडला नाहीस, तो असाच धरून ठेव.

तुझी,
धाकटी