आप्पांची हाक

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर

आई, तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

फोनवर तू रडतीस, म्हणून कागदावर लिहितोय. शेजारची अंबिका वाचून दाखवील. मी बरा हाय, दोन्ही वेळ जेवतो.

मी मोबाईलवर ब्लॉग लिहितो ना, तसं लिहिणाऱ्यांचं इथं संमेलन झालं. तिथं मी आप्पांचं वाचलं. दवाखान्यात शुद्ध गेली तरी ते मेंढरं बोलवायची हाक देत होते, ते. हाक त्यांच्याच आवाजात दिली. लोक लई हसले. परत द्या म्हणाले, मी परत दिली. एका बाईनं ती रेकॉर्ड करून फोनची रिंग म्हणून लावली. मग मी आप्पा गेल्याचं वाचलंच नाय.

तिथं लिहायला शिकवणारे सर म्हणाले, तुला तुझा विषय सापडला, असलंच लिही. कित्येक महिने काही सुचत नव्हतं. आता बसलो की सुचतंय.

मेंढरं तुझ्या हाकेला येतात का? गुडघा कसा हाय?

आप्पा अजून काय काय बोलायचे ते आठव अन् अंबिकाच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठव. सांगताना रडू नको. तेवढं मला रेकॉर्डिंगमधून कापावं लागतं.

तुझा
अजिनाथ