बाबांनी सांगितलेले एकवीस दिवस

देवपूर, धुळे
दिवस एकोणिसावा (कशाचा, ते पुढे येईल)

तीर्थरूप कोकिळाआत्यास नवीनचा साष्टांग नमस्कार. (बसूनच घातला आहे, पोट वाकू देत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? आबांचं कानाचं मशीन सापडलं का? सापडलं नसेल तर पिठाच्या डब्यात बघ, मागच्या वेळी तिथेच होतं. हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मग बठ्ठी गल्ली, झाडून सगळी, माझ्या पोटाची चौकशी करते. म्हणून कागद.

तुझ्या मैत्रिणीने, कमलअक्काने, दिलेली वरची खोली चांगली आहे. खिडकीतून पांझरा दिसते (पाणी दिसतं असं म्हणालो नाही). ड्रिपचे फिल्टर विकायचं कामही बरं चाललं आहे. दोन वर्षांतलं हे माझं सहावं गाव. चोपड्याच्या जिनिंगमधून कापसाच्या धुळीने शिंकत बाहेर पडलो, केळीच्या गाडीवर होतो तिथून का बाहेर पडलो ते आता आठवत नाही. पण इथून निघावंसं वाटत नाही आत्या, हे पहिल्यांदाच होतंय. कमलअक्का जेवायला हाक मारते तेव्हा गच्चीवरून उतरताना मला दोन पायऱ्या एकदम उतराव्याशा वाटतात. आणि नेमकं तेच आता जाणार असं दिसतंय.

झालं असं. जळगावला असताना मी पोट दाखवायला आपल्या बाबांकडे गेलो होतो. बाबा म्हणजे डॉक्टर, पण वय आणि पांढरी दाढी पाहून सगळे पेशंट त्यांना बाबाच म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. (त्यांच्या वजनकाट्यावर मी पंचावन्न भरलो. माझ्यामागचा माणूसही पंचावन्न भरला, तो माझ्या दुप्पट होता. असो.) बाबा म्हणाले, ही ॲलर्जी दिसत नाही. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो, तेव्हा दवाखान्यात पळायचं. तुला नुसतं सोसत नाही. दूध पचवायला पोटात जे लागतं ते काहींना कमी पडतं, मग दूध आत जाऊन आंबतं. पण गव्हानेही पोट फुगू शकतं, म्हणून अंदाजाने बोलायचं नाही. दोन्ही एकवीस दिवस बंद, मग एक-एक परत घेऊन बघायचं, मध्ये चार दिवस सोडायचे. काय खाल्लं आणि पोट काय म्हणालं, ते रोज वहीत लिहायचं. मध्येच नियम मोडला तर मोजणी पहिल्यापासून.

हे मी कमलअक्काला पहिल्याच जेवणाला शब्द न शब्द सांगितलं. तिथेच चुकलं. मी म्हणालो, "अक्का, बाबांनी एकवीस दिवस गहू आणि दूध बंद सांगितलंय. रोज वही लिहायची. नियम मोडला तर पहिल्यापासून." अक्काने पळी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "कोठला बाबा?" मी म्हणालो, जळगावचे. "गर्दी राहते का?" मी म्हणालो, सकाळी सातपासून नंबर लावावा लागतो. आत्या, यात खोटं काय आहे सांग.

त्या क्षणापासून मी व्रतस्थ. पोळी गेली, भगर, साबुदाणा, राजगिरा आला. आणि दूध आलं, कारण दूध उपासाला चालतं. मी म्हटलं, दूधही बंद आहे. तर रुपचंदनाना (अक्काचे यजमान, एसटीतून रिटायर, दिवसाला दोन वाक्यं बोलतात) ताटातून मान न काढता म्हणाले, "दूधले कसाना उपास, भो? पी ले." बाबांनी म्हशीचं बंद सांगितलं असेल असा निकाल लागला, आणि तेव्हापासून नाना रोज सायकलवर पूल ओलांडून पलीकडून गाईचं दूध आणतात. सत्तरीच्या माणसाने पुलावरून आणलेल्या किटलीला नाही कसं म्हणायचं? मी पितो.

पितो आणि पहाटे चारला उठतो, म्हणजे उठावंच लागतं. गल्लीत बोलतात की पोरगा ब्राह्ममुहूर्त चुकवत नाही. आरतीच्या वेळी पोट गुरगुरतं, तो ओंकार समजला जातो. वहीला अक्काने लाल खणाचं कव्हर शिवलं. ती कोणी उघडत नाही, दुसऱ्याने लिहिलेला जप पाहू नये म्हणून. आत लिहिलंय, "दिवस नववा. दूध एक पेला. चार वेळा."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावलं असतं. पण शेजारच्या भिकुबाईने माझं पाहून गहू सोडला, आणि तिचं अकरा वर्षं फुगलेलं पोट पंधरा दिवसांत उतरलं. (तिला बहुतेक खरंच गहू सोसत नाही. बाबांकडे खरं तर तिने जायला हवं.) आता ती मला वाकून नमस्कार करते. तिचं पाहून आणखी चौघींनी सोडला. त्या घरांतल्या नवऱ्यांना दोन्ही वेळा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मिळते, आणि मी गल्लीतून जाताना ते माझ्याकडे भक्तीने बघत नाहीत.

रविवारी माझं उद्यापन आहे. अकरा सवाष्णींना आमंत्रण गेलंय. बेत पुरणपोळी आणि बासुंदी, म्हणजे गहू आणि दूध एकाच ताटात, आणि पहिला घास माझा. सोमवारी बाबांच्या दर्शनाला जीप ठरली आहे. दवाखान्यात चपला बाहेरच काढाव्या लागतात, त्यामुळे आत जाईपर्यंत कोणाला शंका येणार नाही. त्यानंतर कमलअक्काला गल्लीत तोंड राहणार नाही आणि मला खोली.

तुमचं दोघींचं लहानपणापासूनचं आहे. तू रविवारच्या आत येऊन तिला समजावलंस तर ती ऐकेल. आबांना नमस्कार.

तुझा भाचा,
नवीन

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी सांगूनच टाकलं. अक्का पुरणाची डाळ निवडत होती. सगळं ऐकून तिने डाळीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "एकोणीस दिवस मी तुला बाधणारंच पाजलं?" आणि रडायला लागली. नाना म्हणाले, "आन मी पूल वलांडी वलांडी थकनू." उद्यापन मात्र होणार, आमंत्रणं गेली आहेत, माझ्या ताटात भाकरी-ठेचा. जीपही जाणार, भिकुबाईला तपासायला.

ता. क. दुसरा. अक्काने डोळे पुसत विचारलं, "पहिल्याच दिवशी नीट का नाही बोललास?" ती रडत होती आत्या, मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, आत्यानेच बजावलं होतं की पोटाचं तिथे फोड करून सांगू नको, कमल गावभर करते. रडणं लगेच थांबलं. खोलीही राहिली. आता ती तुझ्यावर रागावली आहे. पत्र माझ्या कामावरच्या आकाशबरोबर मोटारसायकलवर पाठवतोय, दुपारी मिळेल. अक्काचा फोन संध्याकाळी येईल. तू नुसतं हो म्हण. निघताना तू मला नेमकं उलटं सांगितलं होतंस, की पोटाची तक्रार पहिल्याच दिवशी समजेल अशी सांग. ते मला पक्कं आठवतं. तू तेवढं विसर.