कान्हा तांडेल यांचा डबा दुरुस्त न करता परत देण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
सागरी तपासणी पथक,
वाघखार नाका, ता. मुरूड, जि. रायगड.

अर्जदार : कु. दिशा मोरेश्वर नाखवा, वय २७ वर्षे, रा. कांदळपाडा, दिघी खाडी, ता. श्रीवर्धन, जि. रायगड.

विषय : जप्त केलेले गिटारचे उपकरण आहे त्या स्थितीत परत मिळणे व त्यावरील ‘नादुरुस्त’ हा शेरा रद्द होणे.

संदर्भ : १) जप्तीचा पंचनामा, दि. २१/०२/२०२५
२) आपले पत्र, दि. २३/०६/२०२५
३) आपल्याकडून आलेला हमीपत्राचा नमुना, दि. ११/०८/२०२५

महोदय,

या प्रकरणातला अर्जदाराचा हा पाचवा अर्ज आहे. आधीचे चार अर्ज एकेका पानाचे होते. त्यांना आलेली उत्तरे पाहता हा डबा काय आहे, कोणाचा आहे आणि त्यातून येणारा आवाज तसाच का यायला हवा, हे आपल्या कार्यालयात कोणीच समजून घेतलेले दिसत नाही. म्हणून या खेपेस सगळी हकीकत पहिल्यापासून लिहिली आहे. लांबली आहे, त्यास इलाज नाही.

सदर डबा अर्जदाराचे मामा श्री. कान्हा तांडेल, वय ६८, यांनी सन १९८६ मध्ये स्वतःच्या हाताने तयार केला. ते बोटींची इंजिने आणि वायरलेस दुरुस्त करीत आणि लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमांत गिटार वाजवीत. मोडीत निघालेल्या रेडिओंतले दोन ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, बोटीच्या दिव्याचे एक बटण आणि हे सगळे बसवायला ग्रीसचा रिकामा पत्र्याचा डबा, एवढेच त्याचे साहित्य. गिटारची वायर या डब्यातून गेली की आवाज जाड होतो, फाटतो, गुरगुरतो. खाडीच्या दोन्ही काठांवरचे मांडव या आवाजावर नाचले आहेत. नऊ वर्षांपूर्वी बोटीवर दोर ओढताना मामांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली आणि त्यांचे वाजवणे थांबले. तेव्हापासून हा डबा त्यांचा शागीर्द निकेश वाजवतो.

डबा एकच आणि तोही म्हातारा. तसले ट्रान्झिस्टर आता मिळत नाहीत. तो बंद पडला तर तो आवाज कायमचा गेला, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेल्या आणि घरी बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अर्जदाराने त्याचे प्लगिन करायला घेतले. प्लगिन म्हणजे संगणकातला असा प्रोग्रॅम, की गिटार लॅपटॉपला जोडली की डब्यातून जावी तसा आवाज येतो. त्यासाठी आवाजाची नक्कल करून भागत नाही. डब्यातल्या प्रत्येक भागातून वीज कशी जाते त्याचे गणित मांडावे लागते आणि ते गणित संगणकाला एका सेकंदात अठ्ठेचाळीस हजार वेळा सोडवावे लागते. त्यातही ट्रान्झिस्टरचे समीकरण सरळ सुटत नाही. आधी अंदाज धरायचा, चूक पाहायची, पुन्हा अंदाज धरायचा, असे दर वेळी पाच-सहा फेरे.

गेल्या वर्षी मे महिन्यात निकेशने पहिला प्रयोग आपल्या दहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर, थेट एका हळदीच्या कार्यक्रमात केला. नवरदेव खांद्यावर घेतलेला आणि लॅपटॉप थिजला. आवाज बंद. निकेश अर्जदाराला म्हणाला, “तुझं गणित बरोबर असेल गं, पण माझ्या लॅपटॉपला दम लागतो.” नवा लॅपटॉप घे असे त्याला सांगणे सोपे होते. पण या किनाऱ्यावर वाजवणाऱ्या पोरांकडे आहेत ते असलेच लॅपटॉप, आणि त्यांच्यावर जे चालत नाही ते इथे कोणाच्याच उपयोगाचे नाही. अर्जदाराने आठ महिने घालवून गणित नव्याने बांधले. सर्किटचे वेगवेगळे टप्पे सुटे केले, प्रत्येक टप्प्यातली अवघड उत्तरे आधीच काढून त्यांचा तक्ता केला, वाजवताना संगणकाने तक्त्यात फक्त नजर टाकायची असे केले. ज्या कामाला त्या लॅपटॉपची अडुसष्ट टक्के ताकद लागत होती ते सात टक्क्यांत होऊ लागले.

एकच गोष्ट राहिली होती. या डब्याचा आवाज उन्हाबरोबर बदलतो. थंडीच्या सकाळी तो भरदार असतो, दुपारी स्वर मध्येच तुटतात. ट्रान्झिस्टर जुन्या जातीचे असल्याने असे होते. हा बदल मोजण्याचे यंत्र चौल येथील निवृत्त शिक्षक श्री. सलिल जोशी यांच्याकडे आहे. त्यांनी पदविकेला अर्जदारास शिकवले आहे. म्हणून दि. २१ फेब्रुवारी रोजी अर्जदार डबा घेऊन दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्यास उतरली आणि पुढे रिक्षाने निघाली. वाघखार नाक्यावर रिक्षा थांबवण्यात आली.

हवालदार श्री. गणराज यांनी पिशवीतून डबा काढला, हलवून पाहिला आणि विचारले, “हे काय?”

“गिटारचा आवाज फाडायचा डबा आहे.”

“आवाज फाडायला डबा कशाला लागतो?” असे म्हणून त्यांनी झाकण उघडले. आत वायरी आणि बॅटरी दिसल्यावर ते दोन पावले मागे सरकले आणि पंचनामा करून डबा जप्त झाला. किनाऱ्यावर तपासणी हवी, याबद्दल अर्जदाराचे दुमत नाही. बेवारस किंवा संशयास्पद वस्तू अडवणे हे त्यांचे कामच आहे. तक्रार त्याच्या पुढची आहे.

पहिल्या अर्जावर खरेदीची पावती मागण्यात आली. वस्तू घरी केलेली आहे असे कळवल्यावर, ती करणाऱ्यास समक्ष हजर करावे असे उत्तर आले. दि. ७ एप्रिल रोजी मामा स्वतः आपली पक्कड, वायरींना डाग द्यायचे सोल्डरिंग आयर्न आणि सर्किटचा हाताने काढलेला जुना कागद घेऊन हजर झाले. त्यांनी डबा कसा केला ते लिपिकांना तासभर समजावून सांगितले. शेवटी लिपिकांनी विचारले, “तुमचं शिक्षण किती?”

“चौथी.”

“मग हे तुम्ही केलं असं धरता येणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं प्रमाणपत्र लागेल.”

मामा म्हणाले, “ज्या बोटींचे वायरलेस मी दुरुस्त केले, त्या वादलात घरी परत आल्या. त्यांनी न्हाय इचारला परमानपत्र.” हे वाक्य त्या दिवशीच्या नोंदीत घेतलेले नाही. ते घ्यावे.

दि. ९ जूनला प्रात्यक्षिकासाठी बोलावण्यात आले. अर्जदाराने गिटार आणि लहान स्पीकर नेला. त्या वेळी आपण स्वतः हजर होतात. अर्जदाराने आधी गिटार नुसती वाजवली, नंतर डबा जोडून वाजवली. आपण हात वर करून थांबायला सांगितलेत आणि म्हणालात, “आधी चांगला येत होता. हा डबा लावल्यावर बिघडला.” अर्जदार समजावून सांगू लागली, पण आपल्याला बैठकीस जायचे होते. त्यानंतर संदर्भ २ चे पत्र आले. त्यात लिहिले आहे : ‘उपकरण धोकादायक नाही. तथापि ते नादुरुस्त असून त्यातून स्वच्छ आवाज येत नाही. सबब शासकीय ताब्यातून नादुरुस्त वस्तू परत गेल्याचा ठपका येऊ नये म्हणून तंत्रज्ञामार्फत दुरुस्त करून मगच ती परत करण्यात येईल.’

महोदय, हे पत्र अर्जदाराने मामांना वाचून दाखवले. ते ओटीवर जाळे शिवत होते. हातातली सुई थांबली. ते एवढेच म्हणाले, “येवरा बिघरवायला माना तीन वरसं लागली. आनि हे येका दिसान दुरुस्त करनार?” त्या दिवशी ते जेवले नाहीत. डबा जप्त झाला तेव्हा ते एवढे घाबरले नव्हते, कारण जप्त झालेली वस्तू निदान तशीच राहते. कोणी सोल्डरिंग आयर्न घेऊन त्या दोन ट्रान्झिस्टरांच्या जागी नवे बसवले असते, तर आपल्या हिशोबाने डबा चांगला झाला असता आणि आमच्या हिशोबाने संपला असता.

दि. १८ जुलै रोजी दुरुस्ती ठरली होती. हवा खराब असल्याने फेरीबोट बंद होती. अर्जदार, मामा आणि निकेश म्हसळा-रोह्यावरून एस.टी.ने वळसा घालून, पाच तास भिजत वाघखारला पोहोचले. आपण बोलावलेले तंत्रज्ञ श्री. शुभम हे टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे पंचविशीचे गृहस्थ आहेत. त्यांनी डबा उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मग मामांना विचारले, “काका, ही वायर मुद्दाम अशी वाकवलीय ना?” मामांनी होकारार्थी मान हलवली. शुभम यांनी झाकण लावले आणि लिपिकांना सांगितले, “हे बिघडलेलं नाहीये. मी याला हात लावणार नाही.” तसे त्यांनी लेखी दिले आणि मजुरी न घेता ते निघून गेले. त्यांचा तो कागद सोबत जोडला आहे. शासनाने बोलावलेल्या तंत्रज्ञाचाच हा अभिप्राय असताना डबा त्याच दिवशी परत मिळायला हवा होता. मिळाला नाही. झाकणाला सील लावून तो पुन्हा ठेवून घेण्यात आला. ‘शेरा एकदा नोंदला की खालच्या पातळीवर बदलता येत नाही,’ असे सांगण्यात आले.

दरम्यान काम थांबले नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे. डबा नाही, म्हणून मोजमाप नाही. तेव्हा अर्जदाराने मामांच्या कानांना हेडफोन लावले. निकेश वाजवायचा, अर्जदार गणितातला एकेक आकडा हलवायची आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. “ह्यो थंडीतला हाय.” “ह्यो दुपारचा न्हाय, दुपारी शेपूट तुटतं.” “आता जरा जवल आला.” असे सलग एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी त्यांनी हेडफोन काढले नाहीत. निकेशने वाजवणे थांबवले तरी ते तसेच बसून राहिले आणि त्यांची उरलेली तीन बोटे मांडीवर तारा दाबल्यासारखी हलत होती. नंतर अर्जदाराने ते आकडे सलिल सरांना दाखवले. सरांनी त्या जातीच्या ट्रान्झिस्टरची छापील माहिती काढून पडताळले आणि फोनवर म्हणाले, “अगं, माझ्या यंत्रानं याहून काही वेगळं सांगितलं नसतं.” प्लगिन दि. १ ऑगस्टला पूर्ण झाले. त्यात ‘ऊन’ नावाचे एक बटण आहे. मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत सतरा बँडवाले आज ते आपापल्या जुन्या लॅपटॉपवर वाजवत आहेत.

ही बातमी आपल्या कार्यालयातही पोहोचली असावी. कारण त्यानंतर फोन केला असता लिपिकांनी विचारले, “आता कॉम्प्युटरवर झालंय ना तुमचं? मग डबा कशाला हवा?” त्याचे उत्तर असे की, डबा अर्जदाराला हवा म्हणून मागितलेला नाही. तो श्री. कान्हा तांडेल यांचा आहे. एखाद्याचा फोटो काढून झाला म्हणून माणूस ठेवून घेता येत नाही.

आता संदर्भ ३ बाबत. आपण पाठवलेल्या हमीपत्रात मजकूर आहे : ‘मी याद्वारे कबूल करते की सदर उपकरण नादुरुस्त आहे, ते दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी माझी राहील, व यापुढे या उपकरणाद्वारे कोणताही आवाज विकृत केला जाणार नाही.’ सही केली की डबा त्याच दिवशी मिळेल, असेही कळवले आहे. सलिल सरांनी काळजीपोटी सल्ला दिला, “सही कर आणि घेऊन ये. नंतर कोण बघायला येतंय?” सरांचा मान राखूनही अर्जदाराने तो ऐकलेला नाही. निकेशही सही करायला तयार होता. त्यालाही अर्जदाराने करू दिली नाही. मामांना विचारले, तेव्हा त्यांनी हमीपत्र पुन्हा एकदा वाचून घेतले आणि विचारले, “म्हंजे मी खोटा काम केला, असा लिवून द्यायचा?” अर्जदाराने होय म्हटल्यावर त्यांनी कागद घडी करून परत दिला.

सबब, हे हमीपत्र सहीविना परत पाठवले आहे. त्यावर अर्जदार सही करणार नाही, श्री. तांडेल करणार नाहीत आणि त्यांच्या वतीने दुसरे कोणीही करणार नाही. त्यातला मजकूर खोटा आहे. डबा नादुरुस्त नाही, कधीच नव्हता. तो एकोणचाळीस वर्षे आपले काम चोख करीत आला आहे आणि आवाज विकृत करणे हेच ते काम आहे. ‘नादुरुस्त’ हा शेरा रद्द करावा, श्री. शुभम यांचा अभिप्राय मूळ पंचनाम्यास जोडावा आणि झाकणाला लावलेले सील कोणीही न उघडता डबा परत द्यावा, एवढीच मागणी आहे. ती कमी होणार नाही.

सोमवार दि. ८ सप्टेंबर २०२५ रोजी कार्यालय उघडण्याच्या वेळी श्री. कान्हा तांडेल डबा नेण्यासाठी समक्ष येतील. त्यांना सही करता येते. ते ती ‘माझी वस्तू मला मिळाली’ या एका ओळीखाली करतील. तशी ओळ छापील नमुन्यात नसेल तर कोरा कागद आणि पेन ते घरून घेऊन येतील.

नम्रतेने, पण ठामपणे,

(सही)
दिशा मोरेश्वर नाखवा
कांदळपाडा, दि. १९/०८/२०२५

सोबत :
१) श्री. शुभम यांचा लेखी अभिप्राय, दि. १८/०७/२०२५ (छायाप्रत)
२) श्री. तांडेल यांनी १९८६ साली काढलेला सर्किटचा कागद (छायाप्रत, मूळ कागद देणार नाही)
३) हमीपत्राचा नमुना, सहीविना